प्रत नंबर ४१/२५०: विमानचित्रांच्या प्रिंटमागची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेतले आम्ही सातआठ जण प्रवासी जेट विमानांच्या चित्रांच्या छापील प्रती जमवतो. यंदा त्यांचं छोटंसं प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि पहिल्याच बैठकीत घोडं अडलं ते एका नियमावर. ज्या प्रतीवर पेन्सिलीनं क्रमांक आणि चित्रकाराची सही नाही, ती भिंतीवर लावायची नाही. नियम कुणी सुचवला ते राहू दे. त्यावरून एवढं का वाजलं ते कळायला थोडं मागं जावं लागतं.

फार मागं नको. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढं मळवलीला गेलेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या आज्या-पणज्यांच्या देवघरात होत्याच. त्यांना ‘ओलिओग्राफ’ म्हणायचे. छपाई दगडावरची, रंगीत लिथोचीच, पण वरून चमक आणि पोत देऊन तैलचित्राचा भास आणलेला. म्हणजे नाव भासाला दिलं, तंत्राला नाही. शंभरेक वर्षांनी विमानचित्रांच्या धंद्यात पुन्हा तेच घडलं.

जेटची प्रवासी वाहतूक मे १९५२ मध्ये लंडन-जोहान्सबर्ग मार्गावर कॉमेट विमानानं सुरू झाली. दोनच वर्षांत अपघातांमुळं त्या विमानाची उड्डाणं थांबवावी लागली. १९५८ च्या ऑक्टोबरात बोइंग ७०७ न्यूयॉर्क-पॅरिस उडायला लागलं आणि १९६० मध्ये ते आपल्याकडं आलं. आमच्या छंदाची खरी सुरुवात मी इथून धरतो. एअर इंडियानं ७०७ विमानांना हिमालयातल्या शिखरांची नावं दिली: नंदादेवी, अन्नपूर्णा, कांचनजंगा. १९६२ पर्यंत कंपनीचा सगळा ताफा जेटचा झाला होता. तेव्हा ‘प्रिंट’ हा शब्द कुणी वापरत नव्हतं. भिंतीवर यायचं ते कॅलेंडर, नाहीतर बुकिंग ऑफिसातलं पोस्टर. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेले. माझ्या एका विट्याच्या मित्राच्या घरी, त्याच्या वडिलांनी कोचीनहून आणलेलं असं एक पान आहे. खालच्या तारखा कापून टाकल्या, वरचं विमान फ्रेममध्ये घातलं. आमच्या नियमानं हे पान प्रदर्शनाच्या बाहेर.

१९७१ मध्ये एअर इंडियाकडं बोइंग ७४७ आलं, आणि मला विचाराल तर चित्रात एवढं शोभणारं प्रवासी विमान पुन्हा झालं नाही. प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात काढलेली झरोक्याची महिरप, आणि नावं सम्राटांची. पहिलं ‘एम्परर अशोक’, नोंदणी व्हीटी-ईबीडी. १ जानेवारी १९७८ ला ते वांद्र्यापुढच्या समुद्रात कोसळलं, २१३ माणसं गेली. अशोकाचं चित्र घरात लावायला अजूनही काही जण कचरतात. काही जण नेमकं तेच शोधत असतात.

परदेशात याच काळात विमानचित्रकला हा स्वतंत्र धंदा झाला. १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये विमानचित्रकारांची संघटना उभी राहिली. पण बाजार होता लढाऊ विमानांचा. दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक हयात होते, चित्राखाली त्यांच्या सह्या घेता येत होत्या, आणि सहीवर किंमत चढत होती. लंडनला रोज जाणाऱ्या ७०७ च्या कॅप्टनची सही कोण विकत घेणार? अपवाद एकट्या कॉन्कॉर्डचा, आवाजाहून वेगानं जाणाऱ्या प्रवासी विमानाचा. १९७६ ते २००३ एवढ्याच काळात ते प्रवासी घेऊन उडालं, पण त्याच्या वैमानिकांच्या सह्यांना मागणी राहिली. बाकीच्या प्रवासी जेटना सह्यांचा आधार नव्हता. म्हणून विक्रेत्यांनी सगळा भार आकड्यावर टाकला, आणि खरा गुंता तिथं सुरू होतो.

‘लिमिटेड एडिशन’, म्हणजे मर्यादित आवृत्ती. चित्राखालच्या कोऱ्या पट्टीत पेन्सिलीनं २१२/५०० लिहिलेलं असतं: पाचशेतली दोनशे बारावी प्रत. ही पद्धत तांब्याच्या पत्र्यावर कोरून किंवा दगडावर काढून छापायच्या काळातली. कोरीव पत्रा दाबाखाली झिजतो, पहिल्या प्रती धारदार येतात, पुढच्या बोथट. तेव्हा क्रमांकाला अर्थ होता. शेवटी पत्र्यावर आडवी रेघ मारून तो बादही करत. पण विमानांच्या बहुतेक प्रती छापल्या ऑफसेटवर, म्हणजे लग्नपत्रिका छापतात त्याच जातीच्या मशीनवर. तिथं पाचशेनंतर थांबायला तांत्रिक कारण काही नाही, प्लेट हजारो प्रती सहज काढते. थांबायचं ते विक्रेत्याच्या शब्दाखातर. शिवाय क्रमांकाबाहेर चित्रकाराच्या हक्काच्या प्रती असतात, त्यांवर ‘एपी’, म्हणजे ‘आर्टिस्ट्स प्रूफ’, लिहितात. आणि तेच चित्र जरा लहान आकारात काढलं की ती ‘वेगळी आवृत्ती’, पुन्हा १ पासून सुरू.

भिंग लावलं की ऑफसेट ओळखू येतं. शेपटाचा लाल रंग सलग दिसतो, पण भिंगाखाली तो किरमिजी आणि पिवळ्या ठिपक्यांत फुटतो. ठिपके फुलासारखे गोल रचलेले असतात. इंकजेटमध्ये ही फुलं नसतात, शाईचा बारीक शिडकावा असतो.

हा शिडकावाच पुढं नावात आला. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका छपाईवाल्याला इंकजेटवर काढलेल्या कलाकृतींसाठी भारदस्त शब्द हवा होता. इंकजेट म्हटलं की गिऱ्हाइकाला ऑफिसातला प्रिंटर आठवतो. त्यानं फ्रेंचमधून ‘जिक्ले’ काढला. मूळ अर्थ पिचकारी उडाल्यासारखा. आमच्या फ्रेमवाल्याला मी पहिल्यांदा ‘हे जिक्ले आहे’ म्हटलं तर त्यानं विचारलं, “कोण जिंकलं?” प्रश्न वाटतो तेवढा बावळट नव्हता. जिंकला विक्रेता. शब्द यंत्राबद्दल सांगतो, शाईबद्दल काहीच सांगत नाही. सुरुवातीच्या शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या होत्या आणि उजेडात लवकर उडायच्या. घन कणांच्या, म्हणजे पिगमेंटच्या टिकाऊ शाया २००० च्या आसपास सर्रास झाल्या. दोन्हींना नाव एकच.

मला हा फरक कृष्णेनं शिकवला. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. गावभागातल्या आमच्या घरात भिंतीवरच्या तीन फ्रेमा बुडाल्या. पहिली ऑफसेटची, क्रमांक नसलेली. कागद काचेला चिकटला, गाळाची रेघ उमटली, पण शाई जागची हलली नाही. दुसरी सुती कागदावरची पिगमेंटची. डाग पडला, रंग शाबूत. तिसरी सगळ्यात महागाची: ७४७, क्रमांक ४१/२५०, नळकांड्यातून गुंडाळून आलेली, सोबत अस्सलतेचं प्रमाणपत्र. तिच्यातल्या झरोक्यांचा लाल रंग ओघळून विमानाच्या पोटाखाली गुलाबी पाणी साचल्यासारखा दिसत होता. प्रमाणपत्राला मात्र काही झालं नाही. ते लेझर प्रिंटरचं होतं. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं की पाण्यापासून जपायची सूचना दिलेली होती. होती खरी, प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात.

इकडं विमान कंपन्यांतल्या घडामोडीही भराभर होत होत्या. २००७ च्या विलीनीकरणानं देशांतर्गत सरकारी कंपनीचे रंग आधीच पुसले होते, २०१२ आणि २०१९ मध्ये दोन मोठ्या खासगी कंपन्या जमिनीवर आल्या. जी कंपनी बुडाली तिच्या रंगातली विमानं चित्रात हवीशी वाटायला लागली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडं परतली, पुढच्या वर्षी नवे रंग आले. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीच्या शेवटच्या ७४७ पैकी एक मुंबईहून कायमचं उडून गेलं. आता मागणीनुसार एकेक प्रत छापून देणारे बरेच आहेत. बाजूनं काढलेलं आखीव चित्र, हवी ती नोंदणी घालून मिळतं. आमच्यातल्या एकाकडच्या अशाच ७०७ वर इंजिनं अमेरिकन बनावटीची आहेत. एअर इंडियानं सुरुवातीला घेतलेल्या ७०७ ना रोल्स-रॉइसची कॉन्वे इंजिनं होती. चित्राखाली नंदादेवीचं नाव, सही आणि क्रमांक, सगळं व्यवस्थित.

नियम बदलायला तीन बैठका लागल्या. मी बदलाच्या बाजूनं होतो हे एव्हाना कळलंच असेल. विरोधकांचं म्हणणंही खोटं नव्हतं: क्रमांक काढून टाकला तर उद्या कुणीही इंटरनेटवरून उतरवलेलं चित्र छापून आणेल. शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक चित्राखालच्या चिठ्ठीवर छपाईचा प्रकार, शाई, कागद आणि वर्ष लिहायचं, क्रमांक असल्यास सर्वांत शेवटी. ‘जिक्ले’ शब्द वापरायचा नाही. विट्याचं कॅलेंडरचं पान आत आलं. ४१/२५० सुद्धा लावतोय, ओघळासकट. तिच्या चिठ्ठीवर लिहिलंय: इंकजेट, पाण्यात विरघळणारी शाई.