स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांसाठी मदतसेवा (बेळगाव सीमाभाग)

मनातला ताण सहन होईना म्हणून एखादं पोरगं मुद्दाम स्वतःच्या शरीराला इजा करून घेतं, त्याला सेल्फ-हार्म म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं घरात हा शब्द कोण वापरत नाही, "हातावर कायतरी करून घेतंय" एवढंच दबक्या आवाजात सांगतात. बहुतेक वेळा सुरुवात १२ ते १४ वर्षांच्या आसपास होते. दरवेळी मरायचाच विचार असतो असं नाही, बऱ्याच जणांना तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं आणि म्हणूनच ते परत परत होतं, पण पुढं आत्महत्येचा धोका अशा मुलांत जास्त असतो हेही तितकंच खरं. "नाटक करतंय, लक्ष द्यायचं नाही" हा घरातला ठरलेला डायलॉग. मे महिन्याच्या उकाड्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून बसणारं पोरगं नाटक करत असतं तर लपवलं कशाला असतं?

सगळ्यात सोपी सेवा म्हणजे टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोन हेल्पलाइन, नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, बेंगळुरूचं निम्हान्स (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) तिचं मुख्य केंद्र, फोन फुकट आणि २४ तास, मराठी धरून २० भाषा. १८ वर्षांखालच्यांसाठी चाइल्डलाइन १०९८ पण आहे.

समोरासमोर दाखवायचं तर बेळगावात बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचं जिल्हा हॉस्पिटल आणि केएलई हॉस्पिटल, दोन्हीकडं मानसोपचार विभाग आहे, जास्त अवघड असेल तर धारवाडचं डिम्हान्स हे मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल. निपाणीची माणसं सोयीनं कोल्हापूर गाठतात. कर्नाटकात तालुका हॉस्पिटलात मंगळवारी मानसोपचार डॉक्टर बसवायची मनोचैतन्य नावाची योजना २०१४ पासूनची, आणि १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यात स्नेहा क्लिनिक असतं. निम्हान्स आणि क्रीडा खात्याचा युवा स्पंदन हा कार्यक्रम जिल्हा स्टेडियममधून चालतो, तिथं तरुणांशी नुसतं बोलायला माणूस असतो, आजारी असायलाच पाहिजे असं काय नाही.

खरी अडचण भाषेची. शहरात बरेच डॉक्टर मराठी-कन्नड-हिंदी मिसळून बोलतात, पण काउन्सेलर दुसऱ्या जिल्ह्यातनं बदलून आलेली असली की मधे दुभाषा लागतो आणि तो कोण तर शेजारी बसलेली आई. मुलगी म्हणते "जीव घुसमटतोय, घरात कोणाशी बोलावंसं वाटत नाही", आई कन्नडात सांगते "अभ्यासाचं टेन्शन आहे हो". झालं, केसपेपरवर तेच उतरतं. इकडं बोर्डावरच्या भाषेसाठी मोर्चे निघतात, ओपीडीतल्या भाषेसाठी एकही निघालेला आम्ही तरी बघितला नाही. म्हणून "मला एकटीला बोलायचंय, मराठी येणारं कोण आहे काय" असं विचारायला मुलांना शिकवावं, नर्स किंवा सोशल वर्करपैकी कोणीतरी निघतंच.

दुसरी भीती पोलिसांची. कॅज्युअल्टीत नेलं की एमएलसी होते, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, म्हणून घरचे जखम घरातच बांधतात. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा प्रचंड तणावाखाली होता असंच धरायचं, शिक्षा करायची नाही. आणि प्रत्येक सेल्फ-हार्म हा तसा प्रयत्न नसतोच.

उपचार म्हणजे गोळ्याच असं नाही. मुख्य भर बोलण्यावर. भावनांची लाट आली की पाचदहा मिनिटं कशी काढायची हे शिकवणारी डीबीटी नावाची पद्धत आहे, मूळ अमेरिकेतल्या मार्शा लिनेहान यांची. एकदा जाऊन होत नाही, महिनोन्महिने जावं लागतं, आणि खानापूरच्या जंगलाकडच्या गावातनं बसनं यायचं म्हणजे आईची दिवसाची मजुरी बुडते, तिथंच बरीच पोरं उपचार अर्धवट सोडतात.

घरच्यांचं काम? हात ओढून बघायचा नाही, आधी देवरसपण करत फिरायचं नाही, ओरडायचं नाही. शेतातल्या औषधाचे डबे आणि आजोबांच्या गोळ्या कुलपात. "कशाला केलंस" पेक्षा "लई त्रास होतोय काय रे" हे विचारलेलं बरं, मग उत्तर यायला रात्र झाली तरी जवळ बसून राहायचं.