विलीनीकरणानंतर वैमानिक खरंच यादीच्या तळाला जातात का?

"विकत घेतलेल्या विमान कंपनीचे सगळे वैमानिक ज्येष्ठता यादीत शेवटी जातात आणि त्यांचा करार त्याच दिवशी रद्द होतो," असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. भीती समजण्यासारखी आहे. कोणतं विमान, कॅप्टनपद कधी, सुट्टी केव्हा, कपातीत नोकरी टिकेल का, हे सगळं त्या यादीतल्या क्रमांकावर ठरतं. आणि पूर्वी असं घडलेलंही आहे.

पण अमेरिकेत २००७ च्या कायद्यानुसार दोन्ही याद्या न्याय्य पद्धतीने एकत्र कराव्या लागतात. दोन्हीकडे एकच संघटना असेल तर तिचे स्वतःचे नियम लागतात. आधी वाटाघाटी, जमलं नाही तर लवाद, त्याचा निर्णय बंधनकारक.

लवाद नुसती नोकरीची वर्षं मोजत नाही, हे महत्त्वाचं. समजा, एकीकडे कॅप्टन व्हायला दहा वर्षं लागतात, दुसरीकडे वीस. केवळ तारखेने यादी लावली तर पहिल्या कंपनीचा बारा वर्षांचा कॅप्टन दुसरीकडच्या अठरा वर्षांच्या सहवैमानिकाखाली जाईल. म्हणून पद, विमानाचा प्रकार आणि विलीनीकरण नसतं तर बढतीची संधी किती होती, हेही पाहतात. काही वेळा ठरावीक जागा काही वर्षं राखूनही ठेवतात.

करार? नवा एकत्रित करार होईपर्यंत साधारणपणे दोन्ही गट जुन्या करारांवरच काम करतात.

पडताळायचं तर एखादा जाहीर झालेला लवादाचा निकाल वाचा. इतर देशांत कायदा वेगळा असतो. तिथे वैमानिकांच्या करारातलं विलीनीकरणाचं कलम आधी पाहावं.