सेप्टिक टँक आणि विहिरीतलं नायट्रेट: अर्ज नेमका कुठे अडकतो

वस्तीपासून लांबच्या प्लॉटवर घर बांधायचं, सांडपाण्याला सेप्टिक टँक आणि प्यायला त्याच जमिनीतली विहीर किंवा बोअर, असा बेत असेल तर बऱ्याच ठिकाणी परवानगीआधी एक हिशेब मागतात: या घराच्या सांडपाण्यामुळे भूजलातलं नायट्रेट किती वाढेल? मालकीचे कागद, मोजणीचा नकाशा, घराचा आराखडा आणि फी यांत सहसा कोणी चुकत नाही. अर्ज अडकतो तो या हिशेबात.

हिशेब कोणाला लागू, याचा नियम जागोजागी वेगळा. कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांताची १९९६ ची मार्गदर्शिका नमुना म्हणून बघा. प्लॉट सरासरी १ हेक्टरचे किंवा मोठे, एकही ०.८ हेक्टरपेक्षा लहान नाही आणि जमीन संवेदनशील नाही, म्हणजे पातळ माती किंवा भेगाळ खडक नाही, तर तपशीलवार हिशेब सहसा मागत नाहीत. ही शेवटची अट लोक वाचतच नाहीत.

"टाकी मोठी घेतलीय, वेळेवर उपसणार, मग नायट्रेट येईल कुठून?" हा प्रश्न ठरलेला. टाकीत गाळ बसतो, नायट्रोजन नाही. तो बहुतांशी अमोनियमच्या रूपात पाण्याबरोबर बाहेर पडतो, शोषचराखालच्या (सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या चराखालच्या) हवेशीर मातीत जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली जातं. त्यामुळे टाकी उपसल्याची पावती जोडून काही साधत नाही.

सगळ्यात जास्त घोळ एककाचा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम, भारतीय मानकाची ४५, अमेरिकेची १०. पहिल्या दोन अख्ख्या नायट्रेटच्या आहेत, तिसरी त्यातल्या फक्त नायट्रोजनची. नायट्रोजनच्या आकड्याला ४.४३ ने गुणलं की नायट्रेट मिळतं, म्हणजे तिन्ही मर्यादा जवळपास सारख्याच. माझ्यासमोर आलेल्या एका अहवालात नुसतं "नायट्रेट ३८" होतं. खिडकीवरच्या माणसाने ते १० च्या शेजारी ठेवलं आणि फाइल परत. नायट्रोजनमध्ये तो आकडा ८.६ होतो. नव्या घरातून येणाऱ्या नायट्रेटला जागा कमीच उरते, पण नाकारण्याचं ते कारण नव्हतं. उलटी चूक जास्त वाईट: नायट्रोजन १२ असताना ४५ शी तुलना करून निर्धास्त राहायचं. ते नायट्रेट ५३ आहे. घरात सहा महिन्यांच्या आतलं, बाटलीच्या दुधावरचं बाळ असेल तर त्या पाण्यात दूध कालवू नका. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, आटल्यामुळे उलट वाढतं.

दुसरी अडचण ४८ तासांची. विहिरीच्या पाण्याचा, टिकण्यासाठी आम्ल न घातलेला नमुना बर्फात ठेवून इतक्या वेळात तपासला गेला पाहिजे. *तपासला*, पोचवला नव्हे. शनिवारी दुपारी भरलेली बाटली सोमवारी सकाळी काउंटरवर देऊन लोक समाधानाने घरी जातात आणि मंगळवारी ती यंत्रावर चढते. गंधकाम्ल घातलेला नमुना २८ दिवस चालतो, पण त्यात नायट्रेट आणि नायट्राइट यांची बेरीजच मिळते. ती चालेल का, हे आधी विचारा. आणि बाटलीवर तारखेसोबत वेळही लिहा.

आता कोणाकडेच नसलेला कागद: बोअर मारतानाची नोंद, म्हणजे किती फुटांवर माती, मुरूम, खडक, पाणी. मालकाकडे ती नसतेच. बोअरवाल्याची जुनी वही मिळाली तर नशीब. भूजल कोणत्या दिशेला वाहतं तेही दाखवावं लागतं. त्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींची पाण्याची पातळी एकाच दिवशी, एकाच आधारबिंदूपासून मोजतात. प्रत्येक विहिरीच्या काठापासून मोजलेली खोली थेट जोडू नका, काठांची उंची वेगळी असते. जमिनीचा उतार हाही पुरावा नाही. आणि कोरड्या दिवसांतलं मोजमाप पुरत नाही, वर्षातली सर्वांत वरची पातळी हवी असते.

हिशेब स्वतः सोपा आहे. ओंटॅरिओत एका घरामागे दिवसाला ४० ग्रॅम नायट्रोजन आणि १,००० लिटर सांडपाणी धरतात. ते लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रोजनवर आणायला एकूण ४,००० लिटर पाणी लागतं, म्हणजे ३,००० लिटर जमिनीत मुरणारं. वर्षाला १५० मिलिमीटर मुरत असेल तर त्यासाठी ०.७३ हेक्टर जमीन हवी. लोक इथे मुरणारं पाणी न धरता अख्खा पाऊस धरतात, वर छत आणि फरशीचं क्षेत्रही मोजतात. भूजलात आधीच लिटरला ३ मिलिग्रॅम नायट्रोजन असेल तर तीच गरज १.०४ हेक्टरवर जाते. म्हणून मूळ पातळीचा नमुना प्रवाहाच्या वरच्या बाजूने घ्या, शेजाऱ्याच्या शोषखड्ड्याखालून नव्हे.

परत आलेल्या अर्जावर बहुधा "नायट्रेट जास्त" एवढाच शेरा असतो. असा शेरा लिहिणाऱ्याला एकदा हा हिशेब करायला बसवावं असं वाटतं, पण ते आपल्या हातात नाही. पुन्हा तपासणीचे पैसे भरण्याआधी लेखी विचारा: कोणता आकडा जास्त, कोणत्या एककात आणि मुरणारं पाणी किती मिलिमीटर धरलं? त्यांचा हिशेब बरोबर निघाला तर मग नायट्रोजन कमी करणारी शुद्धीकरण यंत्रणा किंवा त्याच जमिनीवर कमी घरं, एवढंच उरतं.