बाबू चिरी शेर्पा

(२२ जून १९६५ – २९ एप्रिल २००१). नेपाळी गिर्यारोहक व अतिउंचीवरील वाटाड्या. सोलुखुंबू जिल्ह्यातील एका शेतकरी शेर्पा कुटुंबात जन्म. शाळेचे तोंड पाहिले नाही. मोहिमांची ओझी वाहता वाहता चढाईचे शिक्षण झाले. पुढे एव्हरेस्टवर तो १० वेळा पोहोचला.

शेर्पा हे मुळात एका जमातीचे नाव. ‘हमाल’ या अर्थी ते सरसकट वापरणे चुकीचे आहे. उंचीवरच्या शेर्पाचे काम हमालीच्या फार पुढचे असते. गिऱ्हाईक बेस कॅम्पवर विरळ हवेशी जुळवून घेत असताना तो खुंबू हिमप्रपातातून (बेस कॅम्पच्या वरच्या, भेगांनी फुटलेल्या हिमनदीच्या उतारावरून) पुनःपुन्हा वर-खाली करतो, तंबू व ऑक्सिजनची नळकांडी पोहोचवतो, दोर बांधतो. गिऱ्हाईक शिखरावर पोहोचले की बातमी बहुधा गिऱ्हाइकाची होते. बाबू चिरीने स्वतःच्या नावावर विक्रम मांडले, हे त्याचे वेगळेपण.

त्यांतला ६ मे १९९९ चा विक्रम अचाट म्हणावा असाच. आठ हजार मीटरच्या वर शरीर झिजतच जाते, म्हणून शिखरावर थोडा वेळ थांबून लगेच खाली उतरायचे, असा दंडक आहे. बाबू चिरीने ८,८४८ मीटरवर तंबू ठोकला आणि ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय सुमारे २१ तास काढले. तिथे श्वासागणिक समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश प्राणवायू मिळतो. अशा ठिकाणी डोळा लागणेही धोक्याचे. दुसऱ्या दिवशी तो आपल्या पायांनी उतरला. मे २००० मध्ये त्याने बेस कॅम्प ते शिखर हे अंतर १६ तास ५६ मिनिटांत कापले. एरवी याच चढाईला मधल्या तळांवरचे मुक्काम धरून बरेच दिवस लागतात. वेगाचा हा उच्चांक २००३ मध्ये मोडला.

त्याला सहा मुली होत्या. गावात शाळा व्हावी ही त्याची धडपड होती. मिळालेली प्रसिद्धी त्याने त्या कामी लावली.

२००१ च्या वसंतात तो पुन्हा एव्हरेस्टवर होता. २९ एप्रिलला दुसऱ्या कॅम्पजवळ, सुमारे ६,५०० मीटरवर, छायाचित्रे काढत असताना तो बर्फाच्या भेगेत कोसळला. हा टापू शिखराच्या मानाने सोपा. पण भेगांची तोंडे ताज्या हिमाने झाकली जातात, वरून दिसत नाहीत. रात्री सोबती शोधत निघाले, तेव्हा पावलांचे ठसे भेगेच्या काठापाशी संपले होते.