बाष्पाच्या आड लपलेला कार्बन डायऑक्साइड

‘उष्णता धरून ठेवणारा मुख्य वायू पाण्याची वाफच आहे, मग चिमूटभर कार्बन डायऑक्साइडला दोष कशाला?’ हा युक्तिवाद बरीच वर्षे फिरतो आहे. कोकणात तो चटकन पटतो, कारण दमट हवेत आंबापोळी वाळता वाळत नाही आणि ढगाळ रात्री उकाडा हटत नाही, हे इथे सर्वांच्या अनुभवाचे आहे. त्यातले पहिले विधान खरेच आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि अर्धसत्यावर उभा असल्याने मला तो अधिक घातक वाटतो.

बाष्प हवेत सरासरी आठ-दहा दिवस टिकते आणि पावसावाटे खाली येते. हवेत ते किती मावेल हे तापमान ठरवते. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की ही क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. कार्बन डायऑक्साइड असा पावसाबरोबर निघून जात नाही, त्याच्या वाढीव साठ्याचा मोठा हिस्सा शतकानुशतके उरतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० असलेले त्याचे प्रमाण, मुख्यतः कोळसा, तेल आणि वायू जाळल्यामुळे, आज ४२० च्या वर गेले आहे. या वाढीने हवा आणि अरबी समुद्र दोन्ही तापतात, समुद्रावरून अधिक बाष्प उठते, आणि ते बाष्प मूळच्या तापमानवाढीत आणखी भर घालते.