पित्ताशय काढलंय तरी नळीत खडा होऊ शकतो

पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय म्हणजे खड्यांचा विषय संपला असं बऱ्याच जणांना वाटतं, पण पित्त बनतं लिव्हरमध्ये, पिशवी ते फक्त साठवते, म्हणजे पिशवी गेली तरी पित्त आणि ते आतड्यात नेणारी नळी दोन्ही राहतातच. ऑपरेशनच्या वेळी एखादा खडा सटकून नळीत राहिलेला असतो, नाहीतर नळी कुठे आवळली असेल तर पित्त साचून, जंतू वाढून तिथेच नवीन खडा होतो, कधीकधी कितीतरी वर्षांनी.

मुंबईत पावसाळ्यात थंडी वाजून ताप आणि डोळे पिवळे म्हटलं की आधी मलेरिया, लेप्टो, कावीळ हेच आठवतं. त्या टेस्ट करायच्याच, पण जोडीला पोटात वर उजवीकडे दुखत असेल तर पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण अडकलेल्या पित्तात इन्फेक्शन झालं तर ते रक्तात जायला वेळ लागत नाही. अशा वेळी घरी गोळ्या घेत बसू नका प्लीज, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

सोनोग्राफी नॉर्मल आली तरी खडा नाही असं होत नाही, आतड्यातल्या गॅसमुळे नळीचा खालचा भाग नीट दिसतच नाही. शिवाय पित्ताशय काढल्यावर नळी थोडी रुंद होतेच, कधी १० मिमीपर्यंत, म्हणून नुसत्या रुंदीवरूनही घाबरायचं कारण नाही. एलएफटीमध्ये, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीत, बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असेल तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनळीचा एमआरआय करतात, बारीक खड्यांसाठी एंडोस्कोपिक सोनोग्राफी (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) जास्त भरवशाची.

खडा सापडला की बहुतेकांचं काम ईआरसीपीने होतं, तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड थोडं कापायचं आणि बलून किंवा बास्केटने खडा ओढून काढायचा. हे १९७४ पासून होतंय, त्याआधी पोट उघडण्याशिवाय फारसा इलाज नव्हता. नंतर काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते, हा धोका आधीच विचारून घ्या. मोठा खडा लेझरने फोडतात.

पण आधी पित्तनळी कापून आतड्याला जोडलेली असेल किंवा वजन कमी करायची बायपास सर्जरी झाली असेल तर नेहमीच्या वाटेने दुर्बीण तिथे सहज पोचत नाही, मग लांब दुर्बीण (एंटरोस्कोप) नाहीतर कातडीतून लिव्हरमार्गे जावं लागतं. म्हणून जुनं डिस्चार्ज कार्ड फार मोलाचं आहे, गावाला ऑपरेशन झालं असेल तर तिथून मागवून घ्या, निदान मोबाईलवर फोटो तरी. आणि नळीत प्लॅस्टिकचा स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकला असेल तर तो साधारण ३ महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा असतो, बरं वाटतंय म्हणून लोक विसरतात, स्टेंट तुंबतो आणि परत ताप, परत कावीळ.