प्रपोजल शूट की प्री-वेडिंग? उदयपूरचं बुकिंग करण्याआधी

‘प्रपोजलचं प्री-वेडिंग करायचंय, दोन ड्रेस, ड्रोन पाहिजे, पॅकेज सांगा.’ उदयपूरच्या फोटोग्राफरला असा मेसेज टाकला की समोरून प्री-वेडिंगचंच पॅकेज येतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते. दोन्हीकडे तोच पिचोला तलाव, तेच घाट, तीच मावळतीची वेळ. इन्स्टाग्रामवर टाकलेले फोटो बघून तर कुठलं काय ते ओळखूच येत नाही. फरक एवढाच, की प्री-वेडिंगला दोघांनाही सगळं माहीत असतं आणि प्रपोजलला एकालाच. पण या एवढ्याशा फरकाने वेळ, पैसे, कपडे, लेन्स, परवानगी, झाडून सगळं बदलतं.

आपल्याकडे प्री-वेडिंग बहुतेक साखरपुड्यानंतर होतं. तारीख ठरलेली, हॉल बुक झालेला, रिसेप्शनला एलईडी स्क्रीनवर व्हिडिओ लावायचा हेही ठरलेलं. प्रपोजल त्याच्या आधीचं. निदान तसं असायला हवं. आपल्याकडे मात्र त्याचा एक खास मराठी प्रकार आहे: घरच्यांनी एकमेकांना बघून झालंय, मुहूर्ताची कुजबुज सुरू आहे, आणि मुलाला वाटतंय की हिला आपण स्वतःहून एकदा विचारायला हवं. (मुलीनेही विचारावं, खालचं सगळं तसंच लागू पडतं. सोयीसाठी ‘तो’ विचारतोय असं धरून लिहितो.) उत्तर ठाऊक असलं म्हणून यात खोटं काही नाही. कधी आणि कुठे विचारणार ते तिला माहीत नसलं, तरी पुरे.

उत्तराचीच खात्री नसेल, तर मात्र फोटोग्राफर बोलावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घाटावर भोवती अनोळखी माणसं मोबाइल वर करून उभी, कुणीतरी टाळ्या सुरू केलेल्या, आणि समोर एकजण गुडघ्यावर बसलेला. अशा वेळी ‘मला विचार करायला वेळ दे’ म्हणणं कुणाला जमेल? लग्नाचा विषय दोघांत आधी मोकळेपणाने झालेला असला, तरच हे सरप्राईज गोड लागतं.

आता जागा. उदयपूरचा सिटी पॅलेस पिचोलाच्या पूर्व काठावर आहे आणि अंबराई घाट त्याच्या समोर, पाण्यापलीकडे. म्हणजे अंबराईवरून महालाकडे कॅमेरा लावला की तो पूर्वेकडे बघतो. सकाळी सूर्य महालाच्या मागून वर येतो, त्यामुळे माणसं काळी पडतात. सिल्हूट हवा असेल तर उत्तम, चेहरा हवा असेल तर वाया. संध्याकाळी उलट. घाटामागच्या इमारतींमुळे खालच्या पायऱ्यांवर आधी सावली येते, आणि समोरचा महाल अजून पिवळ्याधमक उन्हात असतो. चेहऱ्यावर मऊ उजेड, मागे सोनेरी भिंत: प्रपोजलचे बहुतेक गाजलेले फोटो या अर्ध्या-पाऊण तासातले असतात. डिसेंबरात उदयपूरला सूर्य सहाच्या आत मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या पुढे जातो. म्हणून ‘सहा वाजता भेटू’ असं न ठरवता त्या दिवसाचा सूर्यास्त बघून मागे मोजायचं. हुकलंच, तर अंधार पडताना महालाचे दिवे लागतात आणि पाण्यात उतरतात. तेही वाईट नाही.

पूर्व काठावरच्या गणगौर घाटाचं गणित वेगळं. तिथे सकाळचं ऊन घाटामागच्या हवेल्यांच्या आड असतं, कमानीखाली सावलीचा एकसारखा उजेड मिळतो आणि गर्दी कमी. प्री-वेडिंगवाले म्हणूनच पहाटे तिथे हजर असतात आणि घेर असलेला लेहेंगा सावरत कबुतरांमधून धावतात. त्यांना पहाटे पाचला उठून मेकअपला बसता येतं. प्रपोजलवाल्याने सुट्टीच्या दिवशी तिला पाचला उठवून ‘जरा नटून ये’ म्हटलं, की खेळ तिथेच संपला. संध्याकाळी याच घाटाला लागून असलेल्या बागोर की हवेलीत सात वाजता लोकनृत्याचा कार्यक्रम असतो, त्याआधी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

गर्दी प्री-वेडिंगला नकोशी असते. प्रपोजलला थोडी हवीच. घाटावर पाच-पंचवीस पर्यटक मोबाइल घेऊन उभे असतील तर कॅमेरा गळ्यात अडकवलेला आणखी एक माणूस कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. बडी तलावाजवळच्या बाहुबली टेकडीवरून दिसणारं दृश्य पिचोलाच्या तोडीस तोड आहे, पण रिकाम्या उघड्या टेकडीवर मोठी लेन्स घेऊन उभा असलेला माणूस लगेच कळतो. प्री-वेडिंगसाठी ती जागा झकास, प्रपोजलसाठी नाही.

इथेच फोटोग्राफरचं कसब वेगळं होतं. प्री-वेडिंगवाला ‘मान थोडी डावीकडे, आता हसा, परत चालत या’ असं म्हणत दिवसभर काम करतो. ३५ किंवा ८५ मिमीची लेन्स, दोन-तीन मीटरवरून, बिघडलं तर पुन्हा. प्रपोजल म्हणजे लग्नातल्या अक्षतांसारखं, हात सुटला की सुटला. त्याला लांबचं जवळ आणणारी ७०-२०० मिमीची झूम लेन्स लागते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २०० मिमीला साधारण २० मीटरवरून दोघं डोक्यापासून पायापर्यंत आडव्या फ्रेममध्ये नीट बसतात, आणि २० मीटरवरचा माणूस आपल्याकडेच बघतोय असं सहसा वाटत नाही. कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला) असेल तर आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरण्याचा मोह होतो. दिवसाउजेडी चालतं, पण एलईडी दिव्यांखाली त्याने फोटोवर आडवे पट्टे येऊ शकतात. अंधार पडल्यावरचा बेत असेल तर फोटोग्राफरला हे आधी विचारून घ्या. त्याचं उत्तर ऐकून तुम्हाला माणूस कळेल. बुक करण्यापूर्वी एका संपूर्ण प्रपोजलचे सगळे फोटो ओळीने मागा. दहा प्रपोजलमधला एकेक निवडक फोटो कुणीही दाखवतो. चालत येण्यापासून मिठीपर्यंत एकही क्षण न सुटता कुणी टिपलाय, ते महत्त्वाचं.

प्रपोजलची खरी तालीम आदल्या दिवशी होते आणि तीही व्हॉट्सअॅपवर. चांगला फोटोग्राफर घाटावर जाऊन मोबाइलने फोटो काढतो, त्यावर लाल बाण काढून पाठवतो: या दगडी छत्रीपासून तिसरी पायरी, ती पाण्याकडे, तू जिन्याकडे, मी वरच्या कठड्याजवळ निळ्या टोपीत. तेवढं पाठ करायचं. गुडघ्यावर बसताना कॅमेऱ्याकडचा गुडघा जमिनीला टेकवायचा, पलीकडचा वर ठेवायचा, नाहीतर वर आलेली मांडी मध्ये येते आणि अर्धा फोटो पँटचाच निघतो. दोघांच्याही चेहऱ्याची बाजू कॅमेऱ्याला दिसायला हवी. डबी छातीच्या जरा खाली, नाकासमोर नाही. आणि घाई करू नका. अंगठी बोटात गेली की मुलं पटकन उठतात; चार श्वास तसंच बसून राहिलं तर तिच्या चेहऱ्यावरचे तीन वेगवेगळे भाव मिळतात. तिच्या हातात पर्स असेल तर आधी ‘दे इकडे’ म्हणून काढून घ्या. खूण ठरलेली असावी, गॉगल डोक्यावर चढवला की तयार, असं काहीतरी. तिच्याच पाठीमागून फोटोग्राफरला हातवारे करत बसलात तर ती वळून बघणारच.

प्री-वेडिंगमध्ये यातलं काहीच लागत नाही. तिथे डोकेदुखी कागदांची. सिटी पॅलेससारख्या ठिकाणी असल्या शूटला आधी परवानगी आणि वेगळं शुल्क लागतं, कपडे बदलायला खोली लागते, मेकअपवाली, गाडी, छत्र्या, धुराच्या कांड्या. बिल दिवसाच्या हिशेबाने होतं. प्रपोजलचं काम तास-दोन तासांचं असतं, म्हणून पूर्ण दिवसाचं पॅकेज गळ्यात मारून घेऊ नका. ड्रोनही सोडून द्या. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे कुठे उडवता येतो ते नकाशावर बघावं लागतं, हा भाग वेगळा. पण डोक्यावर भुंग्यासारखा आवाज सुरू झाल्यावर कसलं सरप्राईज? बोटीत विचारायची हौसही दुसऱ्या हलत्या बोटीतून फोटो घेताना महागात पडते. त्यापेक्षा तलावातल्या जगमंदिर बेटावर उतरून पक्क्या जमिनीवर विचारा, अर्थात तिथल्या व्यवस्थापनाला आधी सांगून.

गुपित फुटतं ते बहुधा घाटावर नाही, घरीच. फोटोग्राफरचा नंबर ‘एसी सर्व्हिस’ म्हणून सेव्ह करा आणि लॉक स्क्रीनवरचा मजकूर बंद ठेवा. यूपीआयने अॅडव्हान्स पाठवताना शेऱ्यात ‘प्रपोजल’ लिहू नका. अंगठीच्या मापासाठी तिच्या कपाटातली रोजच्या वापरातली एक अंगठी तासाभरासाठी सराफाकडे नेली की काम होतं, पण ती कुठल्या बोटातली आहे ते आधी बघून ठेवा. विमानाने जात असाल तर अंगठी चेक-इन बॅगेत टाकायची नाही, आणि मखमली डबीसकट केबिन बॅगेतही नको. सुरक्षा तपासणीत बॅग उघडायला लावली तर ती शेजारीच उभी असते. अंगठी साध्या पाकिटात ठेवा, रिकामी डबी चेक-इन सामानात जाऊ द्या. तिच्या नखांचं काम तिच्या मैत्रिणीवर सोपवा. हाताचे क्लोजअप येणार आहेत, आणि ‘तेव्हा माझी नखं कशी होती’ हे ती तुम्हाला पुढची वीस वर्षं ऐकवेल.

दोन्ही एकाच सहलीत हवं असेल, तर मधला मार्ग सोपा आहे. होकार मिळाला, डोळे पुसून झाले, की फोटोग्राफर पुढे येऊन ओळख करून देतो आणि त्याच उजेडात अर्धा तास दोघांचे मोकळे फोटो काढतो. तिचं हसू तेव्हा जितकं खरं असतं तितकं नंतरच्या कुठल्याच शूटला मिळत नाही, म्हणून मी याच्या बाजूने आहे. पण विचारण्याचा प्रसंगच ‘पुन्हा एकदा बसा, नीट आलं नाही’ म्हणत परत करायला लावणाऱ्या फोटोग्राफरला नम्रपणे नाही म्हणा.

फोटो कुठे जाणार, हेही बुकिंगच्याच वेळी लिहून घ्यायचं. प्री-वेडिंगचा टीझर फोटोग्राफरने त्याच्या पेजवर टाकला तर कुणाचं काही बिघडत नाही, पत्रिका वाटून झालेल्या असतात. प्रपोजलचं रील त्याच रात्री टाकलं आणि मुलीच्या आईला ते मावशीच्या स्टेटसवरून कळलं, तर लग्नाआधीच रुसवे सुरू. तिने घरी फोन करेपर्यंत काही टाकायचं नाही आणि नंतरही तिच्या होकाराशिवाय टाकायचं नाही, एवढी ओळ अॅडव्हान्स पाठवण्याआधी त्याच चॅटमध्ये त्याच्याकडून मान्य करून घ्या.